पुंजारामांची द्राक्षं, माझा भात

११ नोव्हेंबर १९७९, रविवार

आज घोडा मला चावायचा तेवढा बाकी राहिला. चूक घोड्याची नाही. छत्तीस वर्षांची बाई, खांद्याला पिशवी, पिशवीत मेथीची जुडी, आणि नाक थेट त्याच्या डोळ्यापाशी! त्यानं मेथीला तोंड घातलं आणि मी ‘अगं बाई’ करत मागे सरले ती एका सायकलवाल्यावर. नाशिकातला द्वारकेचा चौक, रविवारची गर्दी, सगळे हसले. मीही हसले.

टांगेवाला म्हणाला, “बाई, घोडं बघायचं तं लांबून बघा.”

“घोडं कोण बघतंय? त्याच्या डोळ्यांवरचं बघतेय.”

डोळ्यांवरची झापडं. चामड्याची, हाताएवढी. आणि त्यांवर द्राक्षाचा वेल कोरलेला. वरवर ओरखडलेला नव्हे, चामड्यातून उठून आलेला. प्रत्येक मणी टपोरा. एका पानाला तर अळीनं खाल्लेलं भोक होतं. अळीनं खाल्लेलं! घोड्याच्या झापडावर! चौदा वर्षं म्युनिसिपालटीच्या शाळेत मी चित्रकला शिकवतेय, पोरांकडून जास्वंदी काढून घेतेय, पण अळीचं भोक काढायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

टांगेवाल्यानं सांगितलं, पुंजाराम करतो हे. ट्रान्सपोर्टच्या गाड्या लागतात त्यांच्या मागे, पत्र्याची शेड.

घरी आले. आप्पा म्हणाले, “मेथी अर्धीच कशी?” मी म्हटलं, “महाग होती.” चामड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. वडिलांसमोर काढण्यासारखा तो विषय नाही.

१४ नोव्हेंबर

शाळेत बालदिन. भाषणं संपल्या संपल्या सटकले.

पुंजाराम साठीचे असतील. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. “चप्पल तुटली का?”

“नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते. मला ती झापडावरची द्राक्षं शिकायची आहेत.”

ते इतके हसले की आतून त्यांची बायको झुंबरबाई हात पुसत बाहेर आली. पुंजाराम तिला म्हणाले, “आगं, ऐकलं का? मास्तरीणबाईला खोगीर करायचंय!” मग हसू आवरून त्यांनी तो प्रश्न विचारलाच, जो आपल्याकडे आडनावावरून जात कळली नाही तर आडून आडून विचारतात. “कुठल्या म्हनायच्या तुम्ही?”

मी आडून आडून उत्तरं देत नाही. “गांगुर्डे. बौद्ध.”

पुंजारामांच्या हातातली चामडं कापायची रापी थांबली. “तुमच्या मानसांनी तं चामड्याला हात लावायचं सोडलं ना?”

“सोडलं.”

“मंग?”

मी म्हटलं, “त्या पानाला अळीचं भोक आहे.”

पुंजाराम बुडाखालच्या पोत्यावरून जरा सरकले आणि अर्धं पोतं मला दिलं. म्हणाले, “तीस वर्सं झाली. ते भोक आजवर कुणाला दिसलं नव्हतं.”

रविवारी या म्हणाले. मला इतका आनंद झालाय की भाकरी करपली.

१८ नोव्हेंबर, रविवार

पहिला धडा: चामडं ओलं करणं. दोन तास फक्त तेवढंच!

फार ओलं झालं तर ठसा बुजतो, कोरडं राहिलं तर उमटत नाही. मग कळायचं कसं? पुंजाराम म्हणाले, “गालाला लावा.” मी इकडेतिकडे पाहिलं. “लावा की. गार लागलं पायजे, वलं नाय.”

लावलं. बाभळीच्या सालीचा वास आला. गार लागलं.

मग मी तोऱ्यात एक सुबक पान रेखाटलं. एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड आहे मला! पुंजारामांनी पाहिलं. “कागदावरचं हाय हे. चामड्यावर पान काढायचं नसतं, बाई. पानाच्या भवतालचं दाबून खाली बसवायचं. मंग पान आपसूक वर येतं.”

त्यांनी कोरणीनं कड कापली, ठसा टेकवला आणि लाकडी हातोडी टक टक टक करत कडेनं फिरवली. पान वर आलं. चौदा वर्षं मी पोरांना पानच काढायला लावतेय. भवतालाकडे कुणी पाहिलंच नाही.

२० नोव्हेंबर

मनाला फार लागलंय म्हणून लिहून टाकते.

आमचं गाव इगतपुरीच्या खाली, भाताचं. गावात जनावर मेलं की ते ओढायचं काम आमच्या घराचं. कातडं सोलायचंही. पाऊस असो, आजारपण असो, निरोप आला की निघायचं, आणि वर शिव्या खायच्या. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आप्पांनी आणि चुलत्यांनी ते काम टाकलं. गावानं तीन महिने पाणी आणि किराणा बंद केला. आप्पा रेल्वेत खलाशी म्हणून लागले आणि तेवीस वर्षांत परत कातड्याला शिवले नाहीत. पायातसुद्धा नाही. आमचे आप्पा कॅनव्हासचे बूट घालतात, पावसाळ्यात रबरी. माझ्या चपलाही दाराबाहेर राहतात, आत आणलेल्या त्यांना खपत नाहीत.

आणि मी त्यांच्याच घरात, माझ्या ट्रंकेत, चित्रांच्या कागदांखाली पुंजारामांनी सरावाला दिलेला चामड्याचा तुकडा ठेवलाय. ओल्या फडक्यात गुंडाळून, इनॅमलच्या डब्यात. त्यांना कळलं तर ते ओरडणार नाहीत. ते गप्प बसतील, आणि ते मला सोसणार नाही. आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत.

पण सोडवत नाही हो! झोपेतसुद्धा बोटं टक टक करतात.

२ डिसेंबर, रविवार

आज एक मणी जमला. एकच. बाकीचे अकरा बटाटे झाले. झुंबरबाई म्हणाल्या, “आमच्या ह्यांचा पयला मणी तं कांदा दिसायचा.” पुंजाराम रागावले. मला चहा दुप्पट गोड मिळाला.

९ डिसेंबर

शाळेत चाचणीचे पेपर, त्यामुळे चार दिवस डबा उघडलाच नव्हता. फडकं खडखडीत वाळून तुकडा आखडला असणार म्हणून घाबरतच पाहिलं, तर फडकं ओलं! तुकडा कसा मऊ, गार. यंदा थंडी बरी पडलीय, वाळत नसेल काही.

आप्पांना वास येत नाही हे नशीब. तपकिरीनं नाक गेलंय त्यांचं. आज मात्र जेवताना मध्येच म्हणाले, “वच्छे, हाताला घट्टे पडलेत तुझ्या.” मी म्हटलं, “खडूनं.” ते म्हणाले, “खडूनं. बरं.” आणि भात मागितला.

२३ डिसेंबर, रविवार

पुंजारामांनी मला चांगलं मोठं चामडं दिलं, वहीच्या चौपट. “आता आपलं काहीतरी करा.”

मी द्राक्षं आखायला घेतली तर हातावर चापट बसली. खरीखुरी चापट! “द्राक्षं माजी हायेत. माजा सासरा मळ्यावर होता, त्याच्यासंगं हिंडून मी एकेक पान बघितलंय. तुम्ही काय बघितलंय?”

मला फक्त भात आठवला. लोंबी वाकते ती कशी वाकते, दाणा एकाआड एक कसा बसतो, कुसळाचं टोक कुठं वळतं. लहानपणी बांधावर बसून आप्पांची वाट बघताना दुसरं बघायला होतं काय?

भात म्हटल्यावर पुंजाराम खूश झाले. “लय बारीक काम हाय. रडवील तुम्हाला.”

रडायला मी तयार आहे. चित्रं ठेवायच्या फायलीचं कव्हर करायचं ठरलं.

८ जानेवारी १९८०

निवडणुकीच्या ड्यूटीत आठवडा गेला. आज शाळेतच चामडं भिजवायला ठेवलं. घरी एवढं मोठं भांडं काढलं असतं तर आप्पांनी विचारलं असतं. शिपाई बुधा वाळू वाहायला वापरतो ते घमेलं स्वच्छ धुऊन घेतलं, पाणी भरलं, वर्गावर गेले. परत येऊन पाहते तर चामड्यावर काळे डाग! शाईचे असावेत तसे, खोलवर गेलेले. दोन लोंब्या कोरून झाल्या होत्या, त्यांवरसुद्धा. साबणानं घासलं तर आणखीच पसरले.

बुधा म्हणाला, “बाई, रडू नका, कुत्र्यानं ओढलं आसंल.” काहीही!

घरी आणून ट्रंकेत टाकलं आणि डोकं दुखतंय सांगून पडून राहिले. सगळं संपलं.

९ जानेवारी

आप्पांचं हल्ली काय चाललंय कळत नाही. सकाळी पंचवटीच्या बाजारात चालत गेले आणि सहा लिंबं घेऊन आले. एवढ्या थंडीत! त्यांना स्वतःला खोकला, सरबत कोण पिणार? आणि ठेवली कुठं, तर माझ्या ट्रंकेवर. म्हणाले, “वच्छे, लिंबं आणलीत हां. चांगली रसाची हायेत.”

“बरं,” म्हटलं. वाया कशाला घालवायची, म्हणून चिरून, मीठ लावून लोणचं घातलं. संध्याकाळी त्यांनी बरणी पाहिली आणि कपाळाला हात लावला. म्हातारपणी माणसं लहरी होतात.

१० जानेवारी

पुंजारामांना चामडं दाखवलं. त्यांना हसता हसता ठसका लागला. “घमेल्यात? लोखंडाच्या घमेल्यात? बाई, बाभळीत कमावलेलं चामडं हाय ते! लोखंड लागलं की काळं पडनारच. पोरगंबी सांगंल.”

“मग आता?”

“आता काय, लिंबू चोळा.”

सहाच्या सहा लोणच्यात! दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. परत बाजार गाठला, भाव वाढलेले, तीन घेतली. चोळलं, धुतलं, पुन्हा चोळलं. डाग गेले! उरलं ते एक राखाडी सावट, ते लोंब्यांच्या सावलीत दडवता येईल. पुंजारामांच्या शेडमध्ये मी चक्क टाळ्या वाजवल्या, आणि समोरच्या ट्रकच्या क्लीनरनंही वाजवल्या.

घरी आल्यावर आप्पांनी माझे हात हुंगल्यासारखं केलं आणि उगाच गालातल्या गालात हसले. तपकिरीची चिमूट ओढली, शिंकले.

२७ जानेवारी

भात वाकायला लागलाय! खरंच वाकलाय, बघणाऱ्याला वाटावं वारा आहे. भवताल खाली बसवता बसवता मनगट सुजलं. पुंजारामांनी अंगठा फिरवून पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि त्यांचा सगळ्यात बारीक ठसा, तांदळाच्या दाण्याएवढा, माझ्यासमोर ठेवला. “वापरा. हरवला तं जीव घेईन.”

त्यांना काम आवडलं नसावं. आवडलं असतं तर बोलले असते.

५ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी नोटीस वाचली. जिल्ह्यातल्या कला शिक्षकांचं प्रदर्शन, १७ तारखेला, आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. प्रत्येक शिक्षकानं स्वतःची एक वस्तू द्यायची, बाहेरचे परीक्षक येणार. मोठ्या बाईंना माझं चामड्याचं वेड बुधानं सांगून ठेवलेलंच होतं. “तुम्ही तेच द्या, गांगुर्डेबाई!”

मी हो म्हटलं. आनंदानं म्हटलं. मग त्यांनी कार्ड दिलं, वस्तूखाली लावायचं. पूर्ण नाव लिहा: स्वतःचं, वडिलांचं किंवा पतीचं, आडनाव.

पती नाही. म्हणजे वत्सला सहादू गांगुर्डे.

चामड्याच्या खाली ‘सहादू’. साऱ्या नाशिकनं वाचायला. ज्या माणसानं तीन महिने गावाचं पाणी बंद सोसलं, पण कातड्याला हात लावला नाही, त्याचं नाव मी कातड्याखाली टांगू? माझं मीच ठरवलेलं वेड, त्याचा बोल त्यांच्या माथी कशाला?

१० फेब्रुवारी, रविवार

पुंजारामांना सांगितलं. त्यांचं उत्तर एका शब्दाचं. “इचारा.”

“कसं विचारू? गेले तीन महिने लपवलंय.”

“मंग तीन महिने लपवलं म्हनून पयले सांगा, आन् मंग इचारा.”

झुंबरबाई म्हणाल्या, “बापाला काय कळत नसतं असं लेकींना वाटतं.” त्यांच्या स्वतःच्या तीन लेकी आहेत, त्यांचं काही चाललं असेल.

आज विचारायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. एकदा आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं, दुसऱ्यांदा रेडिओ बंद करू का विचारलं.

१५ फेब्रुवारी

नाही विचारलं. कार्डावर लिहिलं: वत्सला गांगुर्डे. मधली जागा सोडून दिली. हेच बरोबर. त्यांना काही ऐकून घ्यावं लागू नये.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज सूर्यग्रहण. अख्खं नाशिक दारं लावून बसलं होतं. आमच्या कॉलनीतल्या मुलांनी मात्र मुद्दाम अंगणात स्टो पेटवून चहा केला आणि सगळ्यांना पाजला. आप्पांनी दोन कप घेतले.

दुपारी मी कव्हर चादरीत गुंडाळलं, शाळेत नेऊन लावायला. रस्त्यावर चिटपाखरू नाही, रिक्षा नाही. आप्पा बूट चढवून दारात उभे. “जड दिसतंय. मी घेतो.”

“नको! तुम्ही कशाला? उद्याच्या प्रदर्शनाची चित्रंच तर आहेत.”

“चित्रं,” आप्पा म्हणाले. ते खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले, एकेक करून. फार वेळ लागला त्यांना. वाकताना कंबर दुखते त्यांची, डॉक्टरला दाखवायला हवं.

हॉलमध्ये अंधारून आल्यावर खिळा ठोकला. बोटावर हातोडी बसली, पण भात भिंतीवर चढला तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. सुंदर दिसतोय हो! मला माझंच म्हणायला लाज वाटत नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू! हात चालत नाही आणि थांबतही नाही.

अकरा वाजता हॉल भरला. पुंजाराम आणि झुंबरबाई इस्त्रीच्या कपड्यांत आलेले. पुंजारामांनी भातापुढे उभं राहून डावीकडची एक लोंबी नापसंत केली, उरलेल्यांकडे बघत राहिले आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

तेवढ्यात दारातून आप्पा आले. पांढरा सदरा, पांढऱ्या बुटांना खडू लावलेला. मी रांगोळीच्या टेबलामागे दडले, शाळेच्या पोरीसारखी. आप्पा कुठं न थांबता सरळ भातापाशी गेले. पाहिलं. खाली वाकून कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं.

“वच्छे.” सगळ्यांना ऐकू गेलं. “हिकडं ये.”

गेले.

“ह्ये कुनाचं?”

“माझं, आप्पा.”

“तुला बाप नाय?”

मला वाटलं जमीन फाटावी. “आप्पा, चामड्याखाली तुमचं नाव... तुम्ही ते सोडलंय, म्हणून मी—”

“मी काय सोडलं? मेलेलं ओढायचं सोडलं. लोक हाका मारतील तवा जायचं सोडलं. हे करायला तुला कुनी हाक मारली का?”

“नाही.”

“तुझ्या मनानं केलंस ना?”

“हो.”

“मंग माझं नाव का काढलंस? तीन महिने तुझं फडकं ओलं केलं मी. चार-चार दिवस बघायची नाहीस! लहानपनी कातडी कमावनाऱ्याकडं पोचवायला मीच जायचो. लोखंडाचा डाग कशानं जातो, मला दहाव्या वर्सी ठावं होतं. सहा लिंबं आनली, ट्रंकेवर ठिवली. तर ही बया लोनचं घालती!”

झुंबरबाई खो खो हसायला लागल्या. मला हसावं की रडावं कळेना, दोन्ही एकदमच झालं. गाढव मी! म्हणजे थंडीनं नव्हे, आप्पांनी...

“मला म्हणाला का नाहीत?”

“तू सांगशील म्हनून वाट बघत व्हतो.” त्यांनी स्वतःच्या पायांकडे बोट केलं. “काल बूटबी घातले.”

मी त्यांचे दोन्ही हात धरले. चुकलं म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतले, कारण त्यांना माझ्या पर्समधली पेन्सिल हवी होती. दारावरचे स्वयंसेवक सर धावले, “आजोबा, कार्डावर लिहू नका!” आप्पांनी लिहिलं. ‘सहादू’ एवढं मोठं आलं की त्याचा ‘दू’ गांगुर्डेच्या डोक्यावर चढला.

त्याच वेळी परीक्षक पोचले, चष्मेवाले, हातात वही. त्यांनी भात पाहिला, मान डोलावली, मग वरच्या कोपऱ्यावर पेन रोखलं. “काम उत्तम आहे. एवढ्या कोपऱ्यात मात्र पृष्ठभाग खरखरीत राहिलाय. इथं हात कमी पडला.”

मी ‘हो सर’ म्हणणार होते. मला तसंच वाटलं होतं.

“हात कमी नाय पडला, सायेब,” आप्पा म्हणाले. “ही मानेकडची बाजू हाय. जू घासलंय हितं. आठ-दहा वर्सं नांगर वढलेला बैल व्हता हा. ते कुनाच्यानं गुळगुळीत व्हायचं नाय. माझ्या पोरीनं तिथंबी भात उगवून दाखवलाय.”

तेवीस वर्षांत आप्पांनी घरात कातड्याचं नाव काढलं नव्हतं. आणि आता भर हॉलमध्ये, पन्नास माणसांत, ताठ उभे राहून ते कातडं वाचून दाखवत होते. पुंजाराम नाक पुसत परत आले होते, ते तिथूनच म्हणाले, “बरोबर बोलतायत. मलाबी कळलं नव्हतं.”

परीक्षकांनी चष्मा वर केला. “कशावरून ओळखता?”

आप्पांनी त्यांचं मनगट धरलं, वर नेलं आणि बोटं त्या खरखरीत जागेवर ठेवली. “डोळ्यांनी नाय कळायचं. हात लावून बघा.”

वस्तूंना हात लावू नये, अशी पाटी मोठ्या बाईंनी तिथंच वर टांगली होती. परीक्षकांनी वही काखेत मारली आणि दुसराही हात लावला.